मदत हवी आहे: विंडोज अपडेटनंतर व्हीएमचं शेअर्ड फोल्डर उघडत नाहीये

रानवारा
विंडोजचं मोठं अपडेट आलं, रात्री मशीन आपोआप रिस्टार्ट झालं आणि सकाळपासून व्हीएमचं (व्हर्च्युअलबॉक्सने विंडोजच्या आत चालवलेलं दुसरं मशीन) शेअर्ड फोल्डर उघडत नाहीये. काल संध्याकाळपर्यंत एकदम नीट चालू होतं, मी कुठे काही बदललेलं नाही. व्हीएम चालू होतं, आत लॉगिन होतं, फाइल्स आत जागच्या जागी आहेत, फक्त बाहेरून उघडत नाहीत. सगळं रिस्टार्ट करून झालं, व्हर्च्युअलबॉक्स काढून परत टाकून झालं. उद्या सकाळी काम द्यायचंय आणि अख्खा प्रोजेक्ट त्या फोल्डरमध्ये आहे. जाणकारांनी प्लीज लवकर सांगा. गूगल करा असं कृपया सांगू नका, सकाळपासून तेच चाललंय.

टर्मिनल_काका
गेस्ट ॲडिशन्स (व्हीएमच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) परत टाका. बहुतेक वेळा हेच असतं. आतल्या लिनक्सचा कर्नल (गाभा) बदलला की शेअर्ड फोल्डर जोडणारं व्हीबॉक्सएसएफचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी परत बिल्ड व्हावं लागतं, हेडर्स नसले की बिल्ड फसतं आणि फोल्डर माउंट होत नाही. आधी कर्नल हेडर्स, जीसीसी आणि मेक टाका, मग डिव्हायसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी लावून इन्स्टॉलर चालवा. आणि तुमचा युझर व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये आहे का ते बघा. नसेल तर घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसतं ग्रुपमध्ये घालून भागत नाही.

निळाई
काका, अपडेट विंडोजचं आलंय म्हणतायत ते, कर्नल कुठे बदलला? रानवारा, विंडोज बाहेर आहे की व्हीएमच्या आत? आणि एरर काय येते ती जशीच्या तशी टाका.

रानवारा
गेस्ट ॲडिशन्स आत्ताच टाकल्या, काही फरक नाही. एरर नेहमीचीच, ॲक्सेस करता येत नाही म्हणतं.

पिंपळपान
व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का? दिसत असेल तर विंडोजचं स्वतःचं व्हीएम चालवणारं हायपर-व्ही चालू झालंय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावर बसून चालतंय, म्हणून सगळं संथ होतं. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी असते ती बंद करून बघा, माझं व्हीएम त्यानंतर एकदम पळायला लागलं.

निळाई
पिंपळपान, व्हीएम हळू आहे असं ते म्हणालेच नाहीत हो. आणि मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आहे, कारण नसताना बंद करायला सांगू नका.

फिरस्ता
मी तर शेअर्ड फोल्डर हा प्रकारच सोडून दिलाय. व्हीएममध्ये एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची सोय) चालू ठेवायचं आणि एडिटरच्या रिमोट सोयीने थेट आतल्या फाइल उघडायच्या, ड्राइव्ह नको, माउंट नको, अपडेट आलं काय नि गेलं काय. एवढ्याशा कामासाठी फाइल शेअरिंगचा खटाटोप कशाला करता तेच कळत नाही.

रानवारा
फिरस्ता, सवडीने बघेन ते, उद्याचं काम आहे हो, आत्ता सगळी पद्धत बदलत बसू का? डिझाइनच्या फाइल्स विंडोजमधल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्या लागतात, त्या एडिटरमध्ये उघडत नाहीत. मला फक्त माझा झेड ड्राइव्ह परत पाहिजे.

निळाई
झेड ड्राइव्ह! म्हणजे फोल्डर व्हीएमच्या आत आहे आणि तुम्ही विंडोजवरून नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलंय, बरोबर? मग हे व्हर्च्युअलबॉक्सचं शेअर्ड फोल्डरच नाही. आता एवढं सांगा. आत कोणतं लिनक्स, सांबा (लिनक्समधलं फोल्डर विंडोजला नेटवर्कवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय का, नेटवर्क कोणतं निवडलंय, नॅट, ब्रिज्ड की होस्ट-ओन्ली (फक्त तुमचं मशीन आणि व्हीएम यांच्यातलं). विंडोज प्रो की होम आणि अपडेट कोणतं. व्हीएमचा आयपी विंडोजवरून पिंग होतो का. आणि कृपा करून तो मेसेज पूर्ण टाका, त्यातच उत्तर असणार आहे.

रानवारा
हो, आत उबुंटू सर्व्हर आहे, सांबा आहे, मला वाटलं ते सगळे असंच करतात. होस्ट-ओन्ली, १९२.१६८.५६.१०१, पिंग होतंय. विंडोज ११ प्रो, आता २४एच२ दाखवतंय. मेसेज असा आहे की तुमच्या संस्थेची सुरक्षा धोरणं अनधिकृत गेस्ट ॲक्सेस अडवतात म्हणून हे फोल्डर उघडता येत नाही. पण माझी कसली संस्था, हे माझं स्वतःचं मशीन आहे! म्हणून तो मेसेज मी सोडून दिला होता.

टर्मिनल_काका
सांबा कशाला पण? व्हर्च्युअलबॉक्सचं स्वतःचं शेअर्ड फोल्डर वापरा ना. फाइल विंडोजवर ठेवायची, उबुंटूत माउंट करायची, नेटवर्कचा संबंधच येत नाही.

निळाई
काका, वेब प्रोजेक्टला ते फार त्रासाचं होतं. त्या फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) बनवणं मुळात बंद असतं, त्यामुळे पॅकेजेस टाकताना मध्येच अडतं. शिवाय विंडोजवरून फाइल बदलली तर आतल्या सर्व्हरला ती बदलल्याचं कळत नाही, पान आपोआप रिफ्रेश होत नाही. फाइल लिनक्समध्ये ठेवून सांबाने बाहेर दाखवायची हे बरोबरच आहे.

रानवारा, तुमचं कारण सापडलं. त्या मेसेजमधल्या संस्थेकडे लक्ष देऊ नका, घरच्या मशीनवरही तो तसाच येतो. २४एच२ पासून प्रो एडिशनमध्ये दोन गोष्टी बदलल्या. एक, पासवर्डशिवाय म्हणजे गेस्ट म्हणून दुसऱ्या मशीनच्या शेअरमध्ये शिरणं बंद झालं. दोन, एसएमबीच्या (विंडोज आणि सांबा ज्या भाषेत फाइल शेअर करतात ती) प्रत्येक कनेक्शनला सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर सहीसारखी खूण, सक्तीचं झालं. सायनिंगची किल्ली लॉगिनमधून तयार होते, गेस्टला पासवर्डच नाही म्हणजे किल्ली नाही, त्यामुळे गेस्ट दोन्हीकडून अडकतो. म्हणूनच तुमच्या व्हीएममध्ये काहीही न बदलता दार बंद झालं.

रानवारा
पण मी गेस्ट म्हणून जातच नव्हतो, विंडोजमध्ये माझ्या नावाने लॉगिन असतो. पासवर्ड त्याने कधी मागितलाच नाही.

निळाई
मागितला नाही हीच तर खूण आहे. उबुंटूच्या सांबा कॉन्फिगमध्ये मॅप टू गेस्ट ही ओळ मुळातच बॅड युझर अशी असते. विंडोज तुमचं विंडोजमधलं नाव पाठवतं, सांबाला तसा युझर माहीत नसतो, मग तो गुपचूप तुम्हाला गेस्ट धरतो आणि आत सोडतो. बाहेरून वाटतं आपण आपल्या नावाने शिरलो.

झटपट
एवढं लांबण कशाला लावताय! रजिस्ट्रीत लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये अलाउ-इन्सिक्युअर-गेस्ट-ऑथ एक करा, पॉवरशेलमधून सायनिंगची सक्ती काढा, खेळ खल्लास. ऑफिसच्या सगळ्या मशीनवर मी हेच केलंय, एकाचीही तक्रार नाही.

निळाई
झटपट, त्याने चालेल, नाही कोण म्हणतंय. पण तो बदल या एका व्हीएमपुरता राहत नाही, त्या मशीनवरून जाणारं प्रत्येक एसएमबी कनेक्शन ढिलं होतं. उद्या लॅपटॉप घेऊन दुसऱ्याच्या वायफायवर बसलात आणि कोणी खोटा सर्व्हर उभा केला तर विंडोज विनातक्रार त्याच्याशी बोलेल. ऑफिसच्या सगळ्या मशीनवर हे करणं मला तरी पटत नाही. इथे व्हीएम स्वतःच्या हातात आहे, त्याला पासवर्ड द्यायचा सोडून विंडोजचं कुलूप का काढायचं?

झटपट
होस्ट-ओन्ली नेटवर्कवर कोण येणार आहे खोटा सर्व्हर घेऊन? त्यांना उद्या काम द्यायचंय, तुम्ही सिक्युरिटीचे धडे देताय.

निळाई
सेटिंग होस्ट-ओन्लीपुरतं नसतं एवढंच म्हणणं आहे माझं. आणि पासवर्डचा उपाय तितक्याच वेळात होतो, बघाच.

सहजच
माझ्याकडे पण २४एच२ आहे आणि पासवर्डशिवायचं शेअर मस्त उघडतंय, त्यामुळे अपडेटचा काही संबंध नाही असं माझं मत. अँटिव्हायरस बंद करून बघा.

निळाई
सहजच, तुमचं होम एडिशन असणार, होमला ही सक्ती लागू नाही. प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनला आहे. एंटरप्राइज आणि एज्युकेशनला तर गेस्टची बंदी २०१७ सालीच विंडोज १० मध्ये आली होती, प्रोवाल्यांना आता लागली.

सहजच
हो, होमच आहे. बरं बरं.

निळाई
रानवारा, आता करायचं काय ते. उबुंटूत तुमचा जो लॉगिन युझर आहे त्याच्यासाठी सांबाचा वेगळा पासवर्ड ठेवा, सुडो लावून एसएमबीपासडब्ल्यूडी, डॅश ए आणि युझरचं नाव. उबुंटूचा लॉगिन पासवर्ड सांबाला आपोआप कळत नाही, दोन्ही वेगळे असतात, इथे पुष्कळांची फसगत होते. मग सांबाची सेटिंग फाइल एसएमबी डॉट कॉन्फ उघडून तुमच्या शेअरच्या भागात गेस्ट ओके नो करा, व्हॅलिड युझर्सपुढे ते नाव लिहा आणि रीड ओन्ली नो आहे ना ते बघा. टेस्टपार्म चालवा म्हणजे कुठे टायपिंगची चूक असेल तर दिसेल, मग एसएमबीडी रिस्टार्ट. विंडोजवर जुना झेड ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, परत मॅप करताना वेगळ्या नावाने लॉगिन करायचा पर्याय निवडा आणि उबुंटूचा युझर आणि नवा पासवर्ड द्या.

रानवारा
केलं सगळं. आता वेगळंच म्हणतंय, एकाच सर्व्हरला एकाच युझरने एकाहून जास्त नावांनी जोडता येत नाही, आधीची कनेक्शन्स तोडा. झेड तर मी काढलाय! अजून कुठली कनेक्शन्स?

टर्मिनल_काका
ही १२१९ नंबरची एरर. एक्सप्लोररमध्ये त्या व्हीएमची खिडकी कुठेतरी उघडी असेल, किंवा शॉर्टकटवरून उघडलेलं काहीतरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं नेट यूज टाका, यादी येईल, मग नेट यूज, चांदणी, स्लॅश डिलीट. त्याने सगळेच नेटवर्क ड्राइव्ह तुटतील हे ध्यानात ठेवा, दुसरे काही जोडले असतील तर ते परत जोडावे लागतील. आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या आयपीच्या नावाने जुनं काही साठवलेलं असेल तर तेही काढा.

निळाई
+१ काका. एवढं करून अडलंच तर विंडोजमधून साइन आउट करून परत या.

रानवारा
उघडलं!!! झेड ड्राइव्ह आला, सगळ्या फाइल्स दिसतायत. पण सेव्ह होत नाहीये. काही फाइल्स सेव्ह होतात, काही नाही, परवानगी नाही म्हणतं. हे काय नवीन?

निळाई
आतापर्यंत विंडोजवरून ज्या फाइल्स बनवल्या त्या गेस्टच्या, म्हणजे उबुंटूच्या नजरेत नोबडी या युझरच्या नावावर पडल्यात. थेट उबुंटूत बनवलेल्या तुमच्या नावावर आहेत, म्हणून काही सेव्ह होतात आणि काही नाही. फोल्डरमध्ये एलएस डॅश एल करून बघा, नोबडी आणि नोग्रुप दिसेल. त्या प्रोजेक्टच्या फोल्डरवर, फक्त त्याच्यावर, फाइलचा मालक बदलणारी कमांड चालवा, सुडो सीएचओन, डॅश मोठा आर, तुमचं नाव, कोलन, तुमचा ग्रुप. रूटवर किंवा होमच्या बाहेर कुठे चुकून चालवू नका. आतला वेब सर्व्हर दुसऱ्या युझरने चालत असेल आणि त्याला अपलोडच्या फोल्डरमध्ये लिहावं लागत असेल तर ते फोल्डर वगळा.

फिरस्ता
एसएसएचने हे काहीच झालं नसतं, एवढंच म्हणून ठेवतो.

झटपट
माझ्या उपायाने सीएचओनची भानगडच आली नसती.

टर्मिनल_काका
झटपट, भानगड आली नसती तरी फाइल्स नोबडीच्या नावावर तशाच वाढत राहिल्या असत्या, आणि मग एक दिवस उबुंटूतून गिट चालवताना परवानगीची बोंब झालीच असती.

रानवारा
झालं! नोबडीच होतं खरंच, डिझाइनचं अख्खं फोल्डर त्याच्याच नावावर होतं. सीएचओन केलं, आता सेव्ह होतंय, रिस्टार्ट करूनही झेड आपोआप जोडला जातोय. निळाई ताई, काका, मनापासून आभार, कामाला लागतो.

पिंपळपान
आणि कासव?

अंगणवेल
याच धाग्यात विचारते, माझ्या जुन्या नॅसचंही (नेटवर्कवर जोडलेली फाइल साठवायची पेटी) अपडेटनंतर हेच झालंय, पण मेसेज वेगळा आहे, सुरुवातीला शून्य एक्स लिहून शेवटी ३५ येतं, नेटवर्क पाथ सापडत नाही असं काहीतरी. पासवर्ड आधीपासूनच आहे.

निळाई
अंगणवेल, पासवर्ड असूनही अडतंय आणि नॅस जुना आहे तर तो फक्त एसएमबी १ (एसएमबीची जुनी आवृत्ती) बोलत असण्याची शक्यता आहे. विंडोजच्या नव्या इन्स्टॉलमध्ये ते आता मुळात येतच नाही, २०१७ साली खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्या वाटेने पसरला होता, तेव्हा ते परत चालू करायच्या मागे लागू नका. आधी नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय आहे का ते बघा, नसेल तर फर्मवेअरचं अपडेट आहे का बघा. मॉडेल आणि फर्मवेअरचा नंबर टाकून वेगळा धागा काढा, तिथे बघू.