जवसाचं तेल म्हणून दिलेलं

चिऊची आई (खानापूर), रात्री ८:१०
अक्का, हे जरा बघा की. चिऊ हॉस्टेलवरनं आली, तिची बॅग धुवायला घेतली तर आतनं हा डबा निघाला. पांढरी पावडर हाय. वर लेबल नाही, काय नाही. विचारलं तर म्हणते ग्राउंडवर एकानं दिली, पळताना दम टिकतो म्हणून. पंधरा दिवस झाले घेते म्हणे. अठराशे रुपये दिलेत. ते कुठनं आणले ते सांगेना.

पुण्याचा दादा, ८:१४
मामी, एवढं टेन्शन घेऊ नका. प्रोटीन असणार. आमच्या जिममध्ये सगळेच घेतात.

काकू (टिळकवाडी), ८:२१
दादा, तू जिमला जातोस, तुझी लघवी कुणी तपासत नाही. चिऊ राज्य पातळीच्या निवडीला उतरणार आहे. लेबल नसलेल्या डब्यात प्रोटीन आहे हे तू फोटो बघून कसं सांगतोस?
चिऊ, बाळ, तू पण वाच. मी रागावलेली नाही. जरा मोठं लिहिणार आहे.

निपाणीची आत्या, ८:२३
लिहा वैनी. मी भाकऱ्या उतरवून वाचते.

काकू (टिळकवाडी), ८:४५
२००० सालचं सिडनी ऑलिंपिक. भारताला एकच पदक मिळालं, वेटलिफ्टिंगमध्ये कर्णम मल्लेश्वरीचं कांस्य. पण मी शाळेत मुलींना पळायला शिकवत होते, माझं सगळं लक्ष अमेरिकेच्या मॅरियन जोन्सवर. शंभर मीटर १०.७५ सेकंदांत. दुसरी आली ती ११.१२ ला. शंभर मीटरमध्ये एवढं अंतर म्हणजे मागच्या बायका वेगळ्याच शर्यतीत पळाल्यासारख्या दिसतात. तीन सुवर्ण, दोन कांस्य. पेपरातला तिचा फोटो कापून मी पी.टी.च्या खोलीत चिकटवला. सात वर्षं तो तिथं होता. किती मुलींना मी त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं असेल, अशी पळा.

काकू (टिळकवाडी), ८:५८
त्या जोन्सला ताकदीसाठी बंदी असलेलं औषध देत होते. ते थेंबाचं होतं. जिभेखाली घ्यायचं. प्रयोगशाळांना ते ठाऊकच नव्हतं, त्यामुळे कुठल्याच चाचणीत सापडत नव्हतं. २००३ मध्ये त्या औषधाचा अंश असलेली एक सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे निनावी पोचली, मग लॉस एंजेलिसच्या लॅबनं ते ओळखलं. आणि सिरिंज पाठवणारा कोण? तिचाच आधीचा कोच, ट्रेवर ग्रॅहम. पुढं तोही तपासात खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरला आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली.
जोन्स नंतर म्हणाली, कोचनं मला ते जवसाचं तेल म्हणून दिलं होतं.
जवसाचं तेल! आपण रोज भाकरीबरोबर जवसाची चटणी खातो. त्याचं नाव घेतलं की कुणाच्या मनात शंका येईल? म्हणून तर असं साधं नाव सांगतात. तुला काय सांगितलं चिऊ, "ताकदीची पावडर"?

चिऊ, ९:०१
आयुर्वेदिक आहे म्हणाले. पण काकू, तिला खरंच माहीत नसेल तर तिचा काय दोष?

काकू (टिळकवाडी), ९:१९
बरोबर विचारलीस. नियम असा आहे की खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याचा जाब खेळाडूनंच द्यायचा. कुणी दिलं, काय सांगून दिलं, हे नंतर. आपल्याच कर्नाटकातली उडुपी जिल्ह्यातली अश्विनी अक्कुंजी आठव. २०१० च्या ग्वांगझू एशियाडला दोन सुवर्णपदकं आणली तिनं, आम्ही इथं पेढे वाटले होते. दुसऱ्याच वर्षी रिलेच्या मुलींबरोबर ती चाचणीत अडकली. मुली म्हणाल्या, कोचनं दिलेल्या जिनसेंगमधून आलं असणार. परदेशी कोचला काढलं. आपल्याकडच्या समितीनं एक वर्षाची बंदी घातली होती, खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादानं ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिंपिक हातचं गेलं. मुलींचं ऐकून घेतलं, तरी बंदी आलीच.
पण जोन्सचं तेवढंच नाही. आधी काय ठाऊक होतं ते तिचं तिला. पुढं मात्र तिला कळलं होतं, आणि २००३ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी समोर बसवून विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. आरोप करणाऱ्यावर अडीच कोटी डॉलरचा दावा लावला. वर्षानुवर्षं नाहीच म्हणत राहिली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कोर्टात कबूल केलं आणि बाहेर येऊन रडली. डिसेंबरात पाचही पदकं गेली. जानेवारी २००८ मध्ये सहा महिन्यांची कैद, ती औषधासाठी नव्हे, खोटं बोलण्यासाठी. घरी दोन लहान पोरं, धाकटं तर अंगावर पिणारं. मला त्या बाईचा राग आला होता, पण त्या दिवशी मी पण रडले.

निपाणीची आत्या, ९:२४
अगं आई गं. पोरांना कुणी बघितलं असेल.

पुण्याचा दादा, ९:२६
मग ती पदकं मागच्या लोकांना मिळाली काय?

काकू (टिळकवाडी), ९:४०
मिळाली, पण कधी? दोनशे मीटरला बहामाची पॉलीन डेव्हिस-थॉम्पसन दुसरी आली होती, २२.२७. श्रीलंकेची सुसंथिका जयसिंघे तिसरी, २२.२८. म्हणजे दोघींत सेकंदाचा शंभरावा भाग. पॉलीनचं ते पाचवं ऑलिंपिक. २००९ च्या डिसेंबरात कळवलं की सुवर्ण तुमचं, रौप्य सुसंथिकाचं. नऊ वर्षांनी! स्टेडियम भरलेलं असताना आपल्या देशाचं गीत वाजायचं, ते कुठनं आणणार? आणि शंभर मीटरचं सुवर्ण कुणालाच दिलं नाही, कारण दुसरी आलेली ग्रीसची थानू २००४ ला अथेन्समध्ये चाचणी चुकवून स्वतःच अडकली होती. ती जागा रिकामीच आहे.
माझ्या भिंतीवर पॉलीनचा फोटो हवा होता. मी तिचं नाव सुद्धा मुलींना कधी सांगितलं नाही, याची मला अजून टोचणी आहे.

चिऊची आई (खानापूर), ९:४६
अक्का, आता काय करायचं? डबा गटारात ओतू काय?

काकू (टिळकवाडी), ९:५५
अजिबात नको. झाकण लावून तसाच ठेवा. नाडाचं, म्हणजे आपल्या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेचं, "नो युवर मेडिसिन" नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव घातलं की बंदी आहे का ते कळतं. पण याला नावच नाही, तर घालणार काय? चिऊ, आजपासून चिमूटभरही घेऊ नकोस. ही निवड सोडायची. पुढच्या वर्षी पळशील, तुझं वय काय पळून गेलेलं नाही. सोमवारी मी तुझ्याबरोबर येते आणि कुणी दिलं, कधी दिलं ते मोठ्या सरांना आपण दोघी सांगू. तिथं अजून किती पोरींना तो डबा मिळालाय कुणास ठाऊक.

चिऊ, १०:०८
ते म्हणाले होते घरात सांगू नको.

काकू (टिळकवाडी), १०:०९
म्हणून तर आधी घरातच सांगायचं असतं गं.

चिऊ, १०:१७
अजून एक सांगायचं आहे. पैसे मी आजोबांकडनं घेतलो. बूट फाटलेत म्हणून सांगितलो. आजोबा, चुकलं माझं.

आजोबा, १०:२६
बूट फाटलेत ते तरी खरं काय?

चिऊ, १०:२७
होय. उजवा. अंगठ्याजवळ.

आजोबा, १०:३१
मग शनिवारी सकाळच्या बसनं ये. गणपत गल्लीत जाऊन घेऊया.