मॅलेटच्या दरबारचित्राला पुरावा मानावे का?

साष्टीकर (नौपाडा, ठाणे):
पुण्याचा ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात १७९० चा तह करीत आहे, असे दाखविणारे थॉमस डॅनियलचे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात पेशवाईवर छोटे प्रदर्शन भरवायचे असून त्यात या चित्राची प्रत लावण्याचा विचार आहे. मात्र त्याखाली 'प्रत्यक्षदर्शी चित्रण' असे लिहावे की नाही, यावर एकमत होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पारसिक:
तसे लिहू नये. डॅनियलने हे चित्र १८०५ मध्ये, म्हणजे तहानंतर पंधरा वर्षांनी, इंग्लंडमध्ये प्रदर्शित केले आणि त्यासाठी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांचा आधार घेतला. तो वेल्सही मुंबईत आला १७९१ मध्ये. तहाचा दरबार या दोघांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता. शिवाय टिपूविरुद्ध मराठ्यांशी केलेला तह हे मॅलेटच्या कारकिर्दीतील मोठे यश होते, त्यामुळे असे चित्र त्याच्या गौरवासाठीच आहे, हे ध्यानात ठेवावे. कंपनीच्या अधिकाऱ्यांची बहुतेक तैलचित्रे अशीच आहेत.

कोपरीकर:
पारसिक यांचे म्हणणे बरोबर आहे, तरी चित्र सरसकट बाद करू नये. वेल्सने पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना समोर बसवून त्यांची चित्रे काढली होती. पेशवे व नाना यांचे त्याने केलेले एकत्र तैलचित्र १७९२ चे आहे. म्हणून चेहरेपट्टीसाठी हा आधार मोलाचा आहे, फक्त चित्रातले पेशवे तहाच्या वेळच्या सोळा वर्षांच्या मुलापेक्षा थोडे थोराड वाटले तर नवल नाही. कोण कुठे बसले, खांब कसे होते, यासाठी मात्र हे चित्र वापरू नये. वेल्ससोबत काम करणाऱ्या गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराचाही उल्लेख करावा. त्याचे नाव नेहमी गळते. आणि प्रदर्शन ठाण्यातच असल्याने हेही सांगतो: वेल्सचे निधन १७९५ च्या नोव्हेंबरात ठाण्यातच झाले, पेशव्यांच्या मृत्यूनंतर जेमतेम महिन्याभराने.

साष्टीकर:
आपणा दोघांचा आभारी आहे. ठाण्याचा हा संबंध आम्हाला मुळीच ठाऊक नव्हता. आता चित्राखाली 'वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने १८०५ मध्ये रचलेले चित्र' असे लिहीत आहोत, आणि शेजारी १७९२ च्या तैलचित्राची प्रत लावीत आहोत.