अंडाशयाच्या कर्करोगात स्नेल प्रथिनाचे नेमके काम काय?

विचारणा (एम.एस्सी. जीवरसायनशास्त्र, अमरावती रोड, नागपूर)

नमस्कार. सेमिनारसाठी स्नेल या प्रथिनावर वाचन सुरू आहे. ते सीडीएच१ जनुकाच्या नियंत्रक भागातील ई-बॉक्स या छोट्या डीएनए क्रमाला चिकटून ई-कॅडहेरिन या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाची निर्मिती दाबते, त्यामुळे पेशींची एकमेकींवरील पकड सुटते आणि त्या हालू लागतात, इथवर समजले. मात्र निरोगी अंडाशयाच्या पृष्ठभागावरील पेशींत ई-कॅडहेरिन अत्यल्प आणि गाठीत ते ठळक, असेही वाचनात आले. मग पकड वाढूनही कर्करोग पसरतो कसा?

उत्तर १ (निवृत्त पॅथॉलॉजी शिक्षक, धंतोली)

तुलना कशाशी करता, यावर बरेच अवलंबून आहे. सर्वाधिक आढळणारा उच्च श्रेणीचा सीरस कर्करोग बहुतेकदा बीजवाहिनीच्या टोकाच्या झालरीत सुरू होतो असे आज मानले जाते, आणि तेथील पेशींत ई-कॅडहेरिन मुळातच असते. शिवाय हा आजार मुख्यतः पोटाच्या पोकळीतूनच पसरतो : पेशी गाठीवरून सुटतात, द्रवात तरंगतात आणि ओमेंटमवर, म्हणजे आतड्यांपुढील चरबीच्या पडद्यावर, जाऊन रुजतात. मेडिकलला असताना जलोदराचे पाणी सेंट्रिफ्यूज करून स्लाइड पाहिली, की सुट्या पेशींसोबत तुतीच्या फळासारखे घट्ट झुबके हमखास दिसत. आधार सुटलेली एकटी पेशी सहसा मरते, झुबक्यातली मात्र तगून राहते. त्यामुळे ई-कॅडहेरिन पूर्ण नाहीसे होणे कर्करोगाच्या फायद्याचे नसते. स्नेल थोडे वाढते, व्हिमेंटिन हे हालचाल करणाऱ्या पेशींचे प्रथिन दिसू लागते आणि ई-कॅडहेरिनही काही प्रमाणात टिकते, अशी अर्धवट अवस्थाच येथे अधिक महत्त्वाची आहे. पुस्तकातली घट्ट जोडलेल्या पेशीकडून सुट्या, हालत्या पेशीकडे जाणारी सरळ बाणाची आकृती सेमिनारमध्ये जशीच्या तशी काढू नये.

उत्तर २ (पेशीसंवर्धन प्रयोगशाळेतील संशोधक)

सरांशी सहमत. एक भर घालतो. जीएसके-३ बीटा हे विकर स्नेलवर फॉस्फेट चढवते आणि मग स्नेल झपाट्याने नष्ट होते, म्हणजे आरएनए भरपूर असूनही प्रथिन कमी असू शकते; म्हणून केवळ आरएनए मोजून निष्कर्ष काढलेला शोधनिबंध जपून वाचावा. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन मोजण्याची चाचणी) आहे का, ते आधी पाहावे. पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो भरून येतो का हे पाहण्याच्या चाचणीत पेशींचे विभाजन रोखले नसेल, तर ते स्थलांतर की नुसती वाढ, हे कळत नाही. एसकेओव्ही-३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या अंडाशय-कर्करोगाच्या पेशींवरील निष्कर्षही बेताने घ्यावेत : त्यांत पी५३ हे गाठ रोखणारे प्रथिन नसते आणि उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगाच्या प्रातिनिधिक म्हणून त्या फारशा योग्य नाहीत, हे २०१३ मधील जनुकीय तुलनेतून पुढे आले.

विचारणा करणारी

धन्यवाद, सर. रक्तचाचणीत मोजतात त्या सीए-१२५ चा या साखळीत संबंध येतो का?

उत्तर १

येतो, पण रुजण्याच्या टप्प्यावर. सीए-१२५ हा म्यूसिन-१६ या प्रथिनाचाच भाग असून तो पोटाच्या पोकळीच्या अस्तरपेशींवरील मेसोथेलिन या प्रथिनाला घट्ट धरतो. आकृतीत तो ओमेंटमजवळ दाखवावा, स्नेलच्या बाणाला जोडू नये.