प्रॉक्समॉक्सवर फ्लोएबल: टेम्प्लेटात काय भरायचं, काय बाहेर ठेवायचं?

जळगाव_एमआयडीसी (प्रश्न)

राम राम मंडळी. डाळ मिलची खरेदी-मंजुरी, वजनकाटा पावती आणि आडत्यांचं पेमेंट अशा तीन प्रक्रिया फ्लोएबल ७ वर (कामाच्या पायऱ्या आणि मंजुऱ्या पुढे नेणारं सॉफ्टवेअर) चालवायच्या आहेत. डेटा बाहेरच्या क्लाउडवर ठेवायचा नाही. जळगावात तीन सर्व्हर आहेत, त्यांवर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टीम), डेटाबेस पोस्टग्रेस. डेव्हलपमेंट, टेस्ट आणि लाइव्ह असे तीन सेटअप लागतील, पुढे धुळे आणि नंदुरबारच्या युनिटलाही तेच. हाताने बसवलं की दर वेळी कुठेतरी एखादं सेटिंग वेगळं राहतं. म्हणून जावा, फ्लोएबल, पोस्टग्रेस, बीपीएमएन फाइली (प्रक्रियेच्या पायऱ्या आणि नियम लिहिलेल्या) सगळं एका व्हीएममध्ये बसवून तिचं टेम्प्लेट (साचा) करावं आणि क्लोन (नकला) काढत जावे, असा विचार आहे. चालेल का? तिन्ही गावांचा मिळून एकच क्लस्टर (एकत्र चालणारा सर्व्हरचा गट) होईल का?

तापीकाठ

भाऊ, सगळं एका टेम्प्लेटात कोंबू नका. ऑपरेटिंग सिस्टीम क्वचित बदलते, फ्लोएबल अधूनमधून, पण 'अमुक रकमेच्या वर मॅनेजरची सही' हा नियम केव्हाही बदलतो. तिघांना एकत्र बांधलं की नियम बदलायला अख्खं टेम्प्लेट नव्याने करावं लागतं.

सगळ्यात घातक बीपीएमएन फाइली आत ठेवणं. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या 'प्रोसेसेस' फोल्डरातल्या फाइली सर्व्हर सुरू होताना आपोआप डिप्लॉय होतात, म्हणजे फ्लोएबलच्या इंजिनवर चढतात, आणि फाइल मागच्या डिप्लॉयमेंटपेक्षा वेगळी दिसली की इंजिन तिला नवी आवृत्ती मानतं. समजा सध्या प्रक्रियेची आवृत्ती ७ चालू आहे आणि तुम्ही आवृत्ती ५ असलेल्या जुन्या टेम्प्लेटातून एक नोड (फ्लोएबल चालवणारी एक व्हीएम) उठवला. तो जुनीच फाइल आवृत्ती ८ म्हणून चढवतो, आणि पुढची प्रत्येक खरेदी जुन्या नियमाने मंजूर होते. एररही येत नाही, हिशेब जुळेनासा झाला की मग कळतं. आपोआप डिप्लॉय बंद ठेवा, फाइली गिटमध्ये (जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) ठेवा आणि रेस्ट एपीआयने (नेटवर्कवरून इंजिनला थेट आज्ञा देऊन) वेगळ्या चढवा.

टेम्प्लेटात एवढंच असू द्या: डेबियन १२ (ऑपरेटिंग सिस्टीम), गेस्ट एजंट (व्हीएमची माहिती प्रॉक्समॉक्सला देणारा), क्लाउड-इनिट (नव्या क्लोनची पहिली सेटिंग करणारा), क्रोनी (घड्याळ जुळवणारा), जावा १७. टेम्प्लेट करण्याआधी क्लाउड-इनिट क्लीन चालवा, एसएसएचच्या होस्ट की (दुरून लॉगिन करताना सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) काढा, मशीन-आयडीची (मशीनच्या ओळख क्रमांकाची) फाइल रिकामी करा. फाइल उडवायची नाही, रिकामीच ठेवायची. मशीन-आयडी तोच राहिला तर दोन क्लोनना डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी मिळू शकतो.

त्यावर फ्लोएबल बसवायचं काम अ‍ॅन्सिबलच्या (सर्व्हरवर ठरलेलं सगळं आपोआप बसवणाऱ्या टूलच्या) रोलला, म्हणजे पायऱ्यांच्या संचाला, द्या. डेटाबेसचा पत्ता, मेल सर्व्हर, मेमरी या गोष्टी प्रत्येक सेटअपच्या व्हेरिएबल फाइलीत, पासवर्ड अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये (त्याच्या कुलूपबंद फाइलीत). शेवटी टेम्प्लेटात आयपी आणि गावाचं नाव ग्रेप करून (शोधून) बघा. सापडलं तर ते तिथून काढून व्हेरिएबलमध्ये न्या. लाइव्हसाठी फुल क्लोनच (पूर्ण, स्वतंत्र नक्कल) काढा. लिंक्ड क्लोन टेम्प्लेटाच्या डिस्कवर कायमचा अवलंबून राहतो.

तीन गावांचा एक क्लस्टर करू नका. कोरोसिंकला (प्रॉक्समॉक्स क्लस्टरचे सर्व्हर जोडून ठेवणारा भाग) सर्व्हरमधला लॅग साधारण ५ मिलिसेकंदांच्या आत लागतो, तोही सतत. जळगावच्या तीन सर्व्हरचा क्लस्टर ठीक आहे, एक पडला तरी दोघांचं बहुमत राहतं. धुळे, नंदुरबार स्वतंत्र ठेवा, फक्त टेम्प्लेट आणि अ‍ॅन्सिबल तेच वापरा.

भुसावळ_डीबीए

तापीकाठ दादांशी सहमत. डेटाबेसचं माझ्याकडून.

पोस्टग्रेसची व्हीएम वेगळीच हवी. सुरुवातीला ४ कोअर, १६ जीबी मेमरी, त्यात शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची राखीव मेमरी) ४ जीबी. फ्लोएबलचे दोन नोड, प्रत्येकी ४ कोअर, ८ जीबी, जावा हीप (जावाला वापरायला दिलेली मेमरी) ४ जीबी. टेम्प्लेटामुळे नोड वाढवणं सोपं होतं आणि तिथेच फसायला होतं: कनेक्शन पूल (एका नोडने डेटाबेसशी उघडायची जोडणी) ३० असेल तर दोन नोडचे ६०, चार नोडचे १२०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची. चौथा नोड उठला की 'टू मेनी क्लायंट्स' असा एरर. पूलचा आकडा नोडच्या संख्येवरून अ‍ॅन्सिबललाच काढू द्या.

स्कीमा अपडेट (सुरू होताना डेटाबेसची टेबलं स्वतः बनवण्याचं सेटिंग) नोडवर 'ट्रू' ठेवू नका. दोन क्लोन एकाच वेळी उठले तर दोघंही टेबलं बनवायला जातात आणि एक जण 'टेबल आधीच आहे' म्हणत बंद पडतो. एसक्यूएल स्क्रिप्ट आधी एकदाच चालवा, नोडवर 'फॉल्स'. मग आवृत्ती जुळली नाही तर नोड सुरूच होत नाही, आणि तेच हवं.

टेम्प्लेटातलं क्रोनी विसरू नका. टायमरचं (ठरलेल्या वेळी आपोआप करायचं) काम कोणत्या नोडने घेतलं याचं लॉक डेटाबेसमध्ये असतं, पण लॉकची मुदत संपली की नाही हे नोड स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळ बरंच पुढे गेलं की दुसऱ्या नोडने घेतलेलं कामही तो उचलतो.

जळगाव_एमआयडीसी

दोघांचे आभार. टेस्टसाठी लाइव्हच्या डेटाबेसची कॉपी घेतली तर चालेल ना?

तापीकाठ

चालेल, पण असिंक एक्झिक्युटर (टायमर आणि मागची कामं चालवणारा फ्लोएबलचा भाग) बंद करूनच नोड उठवा. कॉपीत लाइव्हचे टायमरही येतात. मुदत उलटलेले सगळे टायमर सुरू होताच धडाधड सुटतात आणि आडत्यांना खरे मेल जातात. टेस्टच्या व्हेरिएबल फाइलीत मेल सर्व्हरही खोटाच ठेवा.

नव्या बिल्डमधून जुना जावा क्लास (प्रक्रिया वापरते तो कोडचा भाग) काढण्याआधी तो वापरणाऱ्या प्रक्रियेच्या आवृत्तीवर चालू असलेल्या केस (एकेक खरेदी किंवा पेमेंट) संपल्या का ते तपासा. चालू केस आपल्या जुन्याच आवृत्तीवर राहते. क्लास सापडला नाही की काम तीन प्रयत्नांनंतर डेडलेटर टेबलात (फसलेल्या कामांच्या यादीत) जाऊन पडतं आणि पेमेंट अडकतं.

भुसावळ_डीबीए

लाइट जाऊन आल्यावरचा क्रमही ठरवा. प्रॉक्समॉक्समध्ये डेटाबेसला स्टार्ट ऑर्डर १ आणि ६० सेकंद डिले, फ्लोएबलला २. सिस्टमडीत (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा भाग) रीस्टार्ट 'ऑन-फेल्युअर' ठेवा, म्हणजे बंद पडलं की आपोआप पुन्हा सुरू होईल.

पावत्या मराठीत असतील तर फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट शोधून देणारं पॅकेज) आणि लोहित देवनागरी फॉन्ट अ‍ॅन्सिबलच्या रोलमध्येच टाका. डेबियनच्या क्लाउड इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, पीडीएफमध्ये चौकोन येतात. फॉन्ट टाकूनही काही पीडीएफ लायब्रऱ्या जोडाक्षरं तोडतात, म्हणून टेस्टला 'ज्ञानेश्वर', 'मुक्ताईनगर' अशी नावं छापून बघा.