'ग्राउंड'ला मराठीत काय म्हणता? आणि 'ग्राउंड लूप'ला?

घरी हेडफोन अॅम्प (हेडफोनसाठीचा अॅम्प्लिफायर) कसा बनवायचा त्यावर मराठीत लिहितोय आणि ग्राउंडपाशीच अडलोय. 'अर्थिंग' लिहावं तर वाचणारा थेट तीन पिनांच्या प्लगवर जातो, 'सर्किटचा अर्थ' लिहिलं तर भलतंच वाचलं जातं, आणि 'भूसंपर्कन' बोलताना कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

---

एका शब्दात नाही भागणार, कारण ग्राउंड या एका नावाखाली तीन कामं चालतात. अॅम्पच्या पत्र्याच्या डब्याला मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, जी सुरक्षेची तार जोडतो ते अर्थिंग, तिथे तोच शब्द ठेवा. ज्याच्या तुलनेत सिग्नल मोजतो तो 'शून्य', झिरो व्होल्ट. आणि हेडफोनमधून करंट ज्या तारेने सप्लायकडे परत जातो ती 'परतीची तार'. हा तिसरा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण ग्राउंड म्हटलं की तिथे सगळं जिरून जातं असं वाटतं आणि तसं काही होत नाही. ३२ ओहमच्या हेडफोनवर १ व्होल्ट दिला तर साधारण ३१ मिलिअँपिअर परत येतात, परतीची तार ५० मिलिओहमची असली तरी तिच्यावर दीड मिलिव्होल्ट पडतो, आणि इनपुटचं शून्य त्याच तारेच्या हेडफोनकडच्या टोकाला जोडलेलं असेल तर तो दीड मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून शून्याची आणि परतीची अशा दोन्ही तारा वेगळ्या नेऊन एकाच बिंदूला आणायच्या, स्टार ग्राउंड म्हणतात ते हेच.

---

पण वरचा दोष म्हणजे लूप नव्हे, ती सामाईक तार झाली. लूपला मी 'वेढा' म्हणतो. 'फास' सुचवतात लोक पण फासात आवळणं येतं, वेढ्यात आतली जागा येते आणि इथे खरा मुद्दा जागेचाच आहे, दोन उपकरणं दोन वाटांनी जोडली गेली की मधल्या जागेतून ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र जातं आणि तारेत करंट फिरायला लागतो. डाव्या-उजव्या इनपुटच्या केबली लांब लांब नेल्या तरी वेढा मोठा होतो, एकत्र बांधा.

आणि कळकळीने सांगतो, 'वेढा तोडा' असं लिहिताना अर्थिंगची पिन काढा असा अर्थ कुणी घेऊ नये! डबा थेट अर्थिंगलाच राहतो, तोडायचंच तर शून्य आणि डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर टाकतात, त्याला समांतर उलटसुलट दोन जाड डायोड.

---

हेडफोनमध्ये येणाऱ्या नकोशा आवाजालाही दोन शब्द ठेवा. मेन्सच्याच ५० हर्ट्झचा तो 'घुमतो', रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) चार्जिंगचा १०० हर्ट्झवाला 'भुणभुणतो'. नुसतं 'हम येतोय' लिहिलं की दोष कुठे शोधायचा ते कळत नाही.

---

'परतीची तार' आणि 'वेढा' घेतले, आभार. आता व्हर्च्युअल ग्राउंड राहिलं, ९ व्होल्टच्या बॅटरीतून अधिक-उणे साडेचार काढतात तिथलं. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही म्हणून 'आभासी भू' नको वाटतं, सध्या 'मधला बिंदू' लिहितोय.