सोसायटीत रोज दीड तास स्क्रीन बंद ठेवायचेत, वेळ कोणती ठरवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल बऱ्याच जणांनी वाचलं असेल. तिथं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, ते साडेआठपर्यंत. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात. लॉकडाऊननंतर मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना, म्हणून ग्रामसभेत हे ठरलं.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत असंच सुरू करावं असं आम्हा काही पालकांच्या मनात आहे. एकाच घरात हा नियम टिकत नाही. शेजारून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं की मुलं लगेच विचारतात, "त्यांच्याकडे चालतं, मग आपल्याकडे का नाही?" सगळ्या मजल्यांवर एकदम शांतता झाली तर भांडणच उरणार नाही.

अडलंय ते वेळेवर. मुलांच्या डोळ्यांचा विचार केला तर मला सात वाजता उशीर वाटतो. मोठ्यांचं ठीक आहे. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहिलं की आराम पडतो, आणि ते घरात बसूनही जमतं. पण वाढत्या वयात लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) लवकर येऊ द्यायची नसेल तर बाहेरचा उजेडच लागतो. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर ठेवायची मोहीम चालली, आणि वर्षानुवर्षं वाढत गेलेलं अधू नजरेच्या मुलांचं प्रमाण उतरू लागलं. आपल्याकडे डिसेंबरात सहालाच अंधारतं. म्हणून साडेपाच ते सात ही वेळ मला पटते. पण तेव्हा निम्मे आईबाप ऑफिसातून यायचे असतात आणि सगळा भार आजी-आजोबांवर पडतो. सातची वेळ धरली तर त्याच आजी-आजोबांच्या मालिका बुडतात, शिवाय काही घरांत अमेरिकेचे कॉल सुरू होतात.

तुमच्या गावात, वाडीत किंवा सोसायटीत कुणी हे चालवलंय का? वेळ कशी ठरवली? घरून काम करणाऱ्यांना सूट दिलीत का, आणि ती दिल्यावर बाकीची घरं ढिली पडली का? आमच्याकडे भोंगा लावायला काहींचा विरोध आहे. वॉचमनने घंटा वाजवली तर चालेल का, की प्रत्येक मजल्यावर कुणी जबाबदारी घ्यावी? पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडायचा आहे, त्याआधी अनुभव कळले तर फार मदत होईल.