टॉवर ग्रुप : लालबाग नक्की कोणाचं?
(चाळ पाडून झालेला टॉवर. रिहॅब म्हणजे जुन्या चाळकऱ्यांची घरं, सेल म्हणजे बाहेरच्यांनी विकत घेतलेली)

रिहॅब ४०२ : तो फॉरवर्ड वाचला का, लालबाग परळ मराठी माणसाचं होतं बाहेरच्यांनी गिळलं. खोटं काय आहे त्यात, आमच्या मजल्यावर जुने किती उरले मोजा

सेल १९०३ : म्हणजे आम्ही गिळलं का 😅 वीस वर्षांचे हप्ते आहेत हो दादा

रिहॅब ७०१ : अरे पण आपण तरी कुठले इथले. ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली १८५६ ला, मग भायखळा लालबाग परळ सगळीकडे भोंगेच भोंगे, आणि कामाला माणसं आली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून. तेलुगू पद्मशाली होते, मदनपुऱ्यात यूपीचे मोमीन विणकर. माझे आजोबा एकटेच आले, बायकोपोरं गावी. आपल्या चाळीत तळमजल्याला गावच्या मंडळाची खोली होती आठवतं का, एक पाळी उठून गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी, सामान म्हणजे एक ट्रंक आणि भिंतीतली एक खुंटी

रिहॅब ११०५ : आणि जेवायला आमच्याकडे. आई खानावळ चालवायची, पगार झाला की महिन्याचे पैसे. ८२ च्या गिरणी संपात पहिले काही महिने वहीत उधारी लिहीत होती मग लिहायचंच सोडलं, जेवायला मात्र वाढायची. प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी, बँकेचं कर्ज मिळायला लागलं नाहीतर सावकार होताच

रिहॅब ८०३ : सगळे मराठी एक होते असंही कोणी सांगू नका. विणखात्यात दलितांना घेत नव्हते, धोट्यातला, म्हणजे मागाच्या शटलमधला धागा तोंडाने ओढायला लागायचा म्हणून विटाळ. पगार त्याच खात्यात जास्त. बाबासाहेब इथेच पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहायचे, त्यांनी हा प्रश्न लावून धरला होता

रिहॅब ४०२ : मान्य. पण काका माणसं गेली ती संपामुळेच ना

रिहॅब ७०१ : अर्धं खरं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, खूप जण गावी गेले. पण चाळी लगेच रिकाम्या नाही झाल्या, पागडीची खोली, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली, भाडं चिल्लर, पोरं काहीबाही करून टिकली. जमिनीचा खेळ नंतरचा. १९९१ च्या नियमात गिरणीची जागा विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी असं होतं, २००१ ला तो बदलला आणि हिशोब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचा राहिला, शेड पाडून निघालेली जमीन मालकाची. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. मैदानं आणि कामगारांची घरं तिथेच गेली, सेल १९०३ वाल्यांनी नाही नेली.
आणि आपल्या विंगमधून गेले त्यांना कोणी हाकललं सांग? ताबा मिळाला, मेंटेनन्सचं बिल बघितलं, भावाभावांत वाटणी निघाली, एक घर विकून बदलापूर नाहीतर विरारला दोन घेतली. मी दोष देत नाही, माझा सख्खा भाऊच गेलाय

सेल १९०३ : आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं काका. आम्हाला लालबाग म्हणजे राजा आणि चिवडा गल्ली

रिहॅब ११०५ : मसाला विसरलास. एप्रिलमध्ये डंकावर येते म्हणून मम्मीला सांग, मिरच्या भाजायला मी आहे. आणि परवा लिफ्टमध्ये सुक्या बोंबलाचा वास म्हणून तक्रार कोणी टाकली होती

सेल १९०३ : मी नाही हां काकू 🙏 आमच्या मम्मीला आवडतात

सेल १५०१ : मी टाकली होती. खायला ना नाही, पिशवी बंद ठेवा एवढंच

रिहॅब ११०५ : बरं डबा घेते

सेक्रेटरी : खोलीचा विषय निघालाच आहे तर, गावच्या मंडळाला त्या खोलीबदली मिळालेल्या फ्लॅटचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय. सभासद पन्नासच्या वर, राहत कोणीच नाही. मंडळाचं कोण आहे ग्रुपवर?

रिहॅब ७०१ : आजोबांच्या जागी माझं नाव लागलंय. रविवारी मीटिंग लावतो, गावाहूनही माणसं बोलवायला लागतील